सायकलनं सात मिनिटं

फातेहाच्या दिवशी घरात कुणी आवाज चढवायचा नाही, असं अम्मीनं सकाळी उठल्याउठल्या बजावलं, तेव्हाच निशातनं ओळखलं की आज भांडण होणार. अम्मी ज्या गोष्टीवर बंदी घालायची, ती गोष्ट दिवस मावळायच्या आत त्या घरात घडायचीच. शिवाय भांडणाचं कारण गव्हाच्या कोठीमागं, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेलं होतं आणि अब्बा सोडून घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

अकरमची ही दुसरी बरसी, त्याच्या नावानं दुवा मागायचा दिवस. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या क्रीडा संमेलनात, चारशे मीटरच्या शर्यतीत, दुसऱ्या वळणावर निशातचा तेरा वर्षांचा मुलगा तोंडावर पडला. पोरं आधी हसली. मग गुरुजी धावले, कुणी पाणी मारलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, आणि शेवटी शाळेचा शिपाई पोचू यानं त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत पळत नेलं. तिथं जाईपर्यंत वीस मिनिटं गेली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं, की अशा वेळी हृदय नुसतंच थरथरत राहतं. विजेचा एक झटका दिला तर ते ताळ्यावर येऊ शकतं. पण तो झटका पहिल्या चार-पाच मिनिटांत मिळायला हवा. मग त्यांनी त्याच्या धाकट्या बहिणीला, रूहीलाही तपासलं. तिच्या हृदयात तोच दोष निघाला.

रूही आठवीत होती, त्याच शाळेत. निशात तिथंच शिकवायची. नवरा सौदीत दम्मामला ट्रक चालवत असल्यानं ती दोन्ही मुलांना घेऊन ब्रह्मपुरीत माहेरीच राहायला आली होती, आणि आता दोन्हीतली एकच उरली होती. रूहीला गोळ्या चालू होत्या, धावायला मनाई होती. पण तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला किती वेळ बसवून ठेवणार? म्हणून ती झटका देणारी पेटी शाळेत हवी, असं निशातनं लावून धरलं आणि वर्षभर सोडलं नाही. थोरला भाऊ शहबाज नागपुरात दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करायचा. त्यानं कुठून कुठून खटपट करून पेटी मिळवली, जानेवारीत शाळेला दिली आणि सगळ्या गुरुजींना एक दिवस बसवून शिकवलं. छातीवर दोन पट्ट्या चिकटवायच्या. पुढचं पेटी स्वतः बोलून सांगते. ती बोलायची इंग्रजीत, म्हणून रूहीनं पायऱ्या मराठीत लिहून झाकणावर डकवल्या. सगळ्यांत आधी शिकला तो पोचू. पेटीचं इंग्रजी त्यानं मंत्रासारखं पाठ केलं.

आणि मुख्याध्यापक सोमाजी सरांनी पेटी लोखंडी कपाटात ठेवून कुलूप घातलं. महागाची वस्तू, कुणी पळवली तर नोकरीवर यायचं. किल्ली पोचूकडं.

उद्या सोमवारी पंचायत समितीचे शिक्षणाधिकारी पेटी बघायला येणार होते. त्यांना पटलं तर तालुक्यातल्या मोठ्या शाळांसाठी ते जिल्ह्याला लिहिणार होते. पार गडचिरोली, एटापल्लीकडच्या आश्रमशाळांपर्यंत ही गोष्ट नेता येईल, अशी शहबाजनं स्वप्नं रंगवली होती. त्या तयारीसाठी गुरुवारी कपाट उघडलं. पेटीचा हिरवा दिवा लागेना. निशातनं ती उलटी केली. मागच्या खाचेत बॅटरी नव्हतीच.

तेव्हा वर्गाबाहेरच्या त्या ओसरीत, सगळ्या गुरुजींसमोर, निशातच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं.

"किल्ली तर तुमच्याचजवळ असते ना, पोचूभाऊ?"

पोचू काही बोलला नाही. सोमाजी सरांना तेवढं पुरे झालं. त्यांनी किल्ली काढून घेतली, निशातच्या हातात दिली आणि सोमवारपर्यंत बॅटरी मिळाली नाही तर पोलिसांत देतो, असं सांगितलं. शुक्रवारी सकाळी पोचूच्या खोलीला कुलूप होतं. तो गडचिरोलीला लेकीकडं निघून गेला, असं कळलं. पेटी शहबाजला दाखवायला म्हणून निशातनं घरी आणून ठेवली.

"पळाला म्हणजे त्यानंच घेतली," अम्मीनं निकाल देऊन टाकला होता. "आणि त्याचा अंकुश आपल्याच दुकानात शिकला ना बॅटरीचं काम? बाप चावी ठेवते, पोरगा बॅटरी काढते. अजून काय पाह्यजे तुले?"

निशातला मात्र ते पटत नव्हतं आणि न पटण्याचं कारण तिला कुणाला सांगता येत नव्हतं. तिचा संशय घरातच घिरट्या घालत होता. ईदला आला तेव्हा शहबाज शाळेकडं गेला होता. कपाट बंद होतं म्हणून परत आलो, असं म्हणाला होता. त्याच आठवड्यात फोनवर तो कुणाला तरी सांगत होता, की या बॅटऱ्या मिळतच नाहीत, मुंबईहून मागवाव्या लागतात. कुठंतरी पाणी मुरत होतं. ज्यानं पेटी दिली त्याच्यावरच संशय घ्यायचा, म्हणजे आपल्या डोक्यावर परिणाम झालाय की काय, असंही तिला वाटे. पण रूही रोज सकाळी दप्तर घेऊन त्या शाळेत जात होती आणि पेटी किती दिवसांपासून मेलेली होती, हे कुणालाच माहीत नव्हतं. हा विचार आला की निशातला भाऊ, शिपाई, मुख्याध्यापक, सगळे सारखेच दिसायला लागत.

अब्बांना यातलं काही सांगायचं नाही, हे मात्र सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. नातू गेल्यावर गुलाम रसूल मिस्त्रींना स्वतःलाच दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. तेव्हापासून वाईट बातमी त्यांच्यापर्यंत पोचू द्यायची नाही, हा घराचा कायदा. त्यांचं बाजारातलं बॅटरीचं दुकान मात्र सुटलं नव्हतं. सत्तरीतही ते सकाळी सायकल काढत. नांगरणी संपली की आजूबाजूच्या गावांतले ट्रॅक्टरवाले बॅटरी काढून त्यांच्याकडं आणून ठेवत, आणि हंगाम आला की नेत. मिस्त्रींनी सांभाळलेली बॅटरी दगा देत नाही, अशी त्यांची ख्याती होती आणि ती ख्याती ते स्वतःही अधूनमधून सांगत.

शहबाज अकराच्या सुमारास आला. अब्बा अंगणात मौलवींशी बोलत बसलेत, हे पाहून त्यानं निशातला आतल्या खोलीत खेचलं आणि चादर सोडली. पेटी उजेडात धरून त्यानं खाच पाहिली, आत बोट फिरवलं आणि ते बोट तसंच हवेत धरलं.

"हे पाह्यलं का तू?"

निशातनं बोट फिरवलं. तांब्याच्या दोन्ही टोकांना काहीतरी चिकट लागत होतं. तिनं वास घेतला. व्हॅसलीन. बॅटरीच्या टोकांना हिरवा बुरा चढू नये म्हणून त्यांच्या दुकानात लावतात ते.

चोर बॅटरी काढून नेतो. टोकांना व्हॅसलीन लावून जात नाही. हे दोघांनाही एकदमच कळलं आणि दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं ते काही बहीणभावासारखं नव्हतं.

"दुकानात शिकलेल्याचंच काम आहे," शहबाज सावकाश म्हणाला.

"दुकानात तू पण शिकला."

बोलून झालं. मागं घेता येण्यासारखं नव्हतं. शहबाजचा चेहरा आधी कोरा पडला, मग लाल झाला. आवाज न चढवता त्यानं जे सुनावलं, त्यात सगळं आलं: या पेटीसाठी तो कुणाकुणाच्या पाया पडला, नागपुरात त्याच्या बायकोनं काय काय ऐकवलं, अकरम त्याचाही कुणी होता. निशात ऐकत राहिली. प्रत्येक वाक्य खरं वाटत होतं आणि तरी ईदच्या दिवशीचा त्याचा तो शाळेकडचा फेरा तिच्या डोक्यातून जात नव्हता. शेवटी तिनं तेच विचारलं.

"मग ईदले तू शाळेत काऊन गेला होता?"

"अकरम पडला थे जागा पाह्याले," शहबाज म्हणाला. "दर वेळी जातो. तुले सांगत नाई, एवढंच."

तेवढ्यात अम्मी दारात आली. तिनं दोघांचे चेहरे पाहिले, पेटी पाहिली आणि शहबाजची बाजू घेऊन निशातला झापलं. मग बाहेरचा कानोसा घेऊन झापणं अर्धवट सोडलं. फातेहा सुरू होत होती.

जेवणासाठी दस्तरखान अंथरला तेव्हा घरात तीन पक्ष पडले होते. अम्मी आणि शहबाज एकीकडं, पण त्यातही शहबाज पोचूवर आळ घेत नव्हता. त्याचा रोख पेटी कुलपात घालणाऱ्या सोमाजी सरांवर. निशात एकटी. आणि रूही, जी कुणाच्याच बाजूला नव्हती आणि ताटातला भात बोटांनी इकडून तिकडं करत होती. अब्बा मध्यभागी बसून मटणाची हाडं बाजूला काढत मजेत जेवत होते. त्यांना अलीकडं ऐकायला कमी येतं, असं सगळे धरून चालत. हे अब्बांच्या सोयीचं असल्यानं त्यांनी कधी दुरुस्त केलं नव्हतं.

"मुंबईहून यायले आठ दिवस लागतीन," शहबाज खालच्या आवाजात निशातला म्हणाला. "उद्याचं काही खरं नाई. नवी बॅटरी आल्याशिवाय..."

"कशाची बॅटरी?" अब्बांनी विचारलं.

सगळ्यांचे हात थांबले.

"कशाची नाई. तुम्ही जेवा जी," अम्मी म्हणाली.

"शाळेच्या पेटीची? नवी कायले पाह्यजे?" अब्बांनी हाड चोखून ताटाच्या कडेला ठेवलं. "जुनी चांगली आहे. दुकानात आहे थे. म्या ठेवली."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. अब्बांना वाटलं, आपलं कौतुक चाललंय. त्यांनी खुलून सगळं सांगितलं. एप्रिलमध्ये सुटी लागली त्या दिवशी ते शाळेत गेले होते. पुढचे दोन महिने शाळा बंद, वर चंद्रपूरकडचं ऊन, त्यात लोखंडी कपाट! आत बॅटरीचा नुसता भाजून कोळसा झाला असता. पोचूनं कपाट उघडून दिलं. त्यांनी बॅटरी काढली, टोकांना व्हॅसलीन लावलं आणि दुकानात माठाजवळच्या थंडाव्याला ठेवली. शहबाज म्हणाला होता चार वर्षं टिकते. ते आठ वर्षं टिकवून दाखवणार होते.

"अब्बा," शहबाज म्हणाला, "थे बॅटरी काढाची नसते. मशीन रोज स्वतःले तपासत राह्यते. बॅटरी काढली का तपासणं बंद."

"काम नाई तर जोडून कायले ठेवाची? उगाच उतरते. लागली असती का आणली असती. दुकान कुठी दूर आहे?" अब्बांनी हात पुसला. "सायकलनं सात मिनिटं."

निशातला वाटलं होतं की चोर सापडला की आपण ओरडू. गुरुवारपासून ती त्या ओरडण्याची तयारी करत होती. आता समोर अब्बा होते, दाढीला भाताचं शीत लागलेले. जून गेला, पावसाळा गेला, सहामाही परीक्षा झाली. पाच महिने तिची लेक त्या शाळेत जात होती आणि तिचा जीव सायकलनं सात मिनिटांवर ठेवलेला होता.

"अकरमले पाचच होते, अब्बा," ती म्हणाली.

म्हाताऱ्याला समजायला थोडा वेळ लागला. आधी त्यांनी हिशेब करावा तसे ओठ हलवले. मग त्यांनी रूहीकडं पाहिलं. रूहीनं मान खाली घातली, आजोबांना आपल्याकडं पाहावं लागू नये म्हणून. अब्बा उठले, हात न धुताच उठले, कोपऱ्यातून सायकल घेतली, आणि शहबाजनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली. दोघं मोटारसायकलवर गेले, आणि वाटेत शहबाजनं त्यांना पोचूवरच्या आळाचंही सांगितलं. अम्मी दस्तरखानापाशी तशीच बसून राहिली. आपण त्यांना सांगितलं असतं तर गुरुवारीच उलगडलं असतं, असं ती दोनदा पुटपुटली. तिसऱ्यांदा तिला रडू आलं.

बॅटरी आली ती पांढऱ्या मऊ कापडात बांधलेली. अब्बा कुठलीही बॅटरी फरशीवर ठेवत नसत. लाकडी फळीवर रांगेनं मांडत आणि प्रत्येकीला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधत, कुणाची कुणाला जाऊ नये म्हणून. याही बॅटरीला चिठ्ठी होती. तिच्यावर शाळेचं नाव नव्हतं. अब्बांच्या थरथरत्या अक्षरात 'अकरम' लिहिलेलं होतं.

शहबाजनं टोकं स्पिरिटनं पुसली, बॅटरी खाचेत बसवली. पेटीनं एक बारीक आवाज केला, आपलं आपण तपासून घेतलं, आणि कोपऱ्यातला हिरवा दिवा मिचकावू लागला. निशातनं चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. रडायला वेळ नव्हता. दिवा लागल्याबरोबर तिला पोचूचा गुरुवारचा चेहरा आठवला होता.

तीनच्या एसटीनं ती गडचिरोलीला निघाली. अब्बा तिच्याबरोबर येऊन बसले. नको म्हटलं तरी उतरले नाहीत. आरमोरीजवळ वैनगंगेचा पूल ओलांडला. मग अब्बा म्हणाले, की पोचूला चोर ठरवलं हे आपल्याला कुणी सांगितलं का नाही. निशातनं सांगितलं, तुमच्या तब्येतीसाठी. अब्बा खिडकीबाहेर धानाची कापणी झालेल्या शेतांच्या बांध्या पाहत राहिले. आपल्यालाही कुणीतरी काढून फळीवर ठेवलं होतं तर, असं ते म्हणाले.

पोचूची लेक दीपिका दवाखान्यात नर्स होती. तिच्या क्वार्टरच्या दारात पोचू खाटेवर बसला होता. दोघांना पाहून तो उठला, अब्बांसाठी खाट झटकली. निशातला त्यानं बसा म्हटलं नाही, नका बसू असंही म्हटलं नाही.

अब्बांनी उभ्याउभ्याच हात जोडले. आपणच बॅटरी नेली होती आणि आपल्यामुळं त्याच्यावर आळ आला, हे त्यांनी एका दमात सांगितलं. पोचूला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"मले मालूम होतं, मिस्त्रीभाऊ," तो म्हणाला. "चावी मीच तं देली होती तुमाले. मले वाटलं, शाळा उघडल्यावर तुमी आणून बसवली असन. गुरुवारी रिकामी खाच पाह्यली तवा समजलं."

"मग बोलले काऊन नाई?" निशातनं विचारलं. "तिथंच सांगाचं होतं, पोचूभाऊ. माह्या तोंडावर."

पोचूनं पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ पाहिलं.

"त्या पोराले म्या खांद्यावर नेलं, बाई. त्याचा जीव गेला तवा थो माह्या खांद्यावरच होता. तुमी मले चोर म्हटलं तं मी चोर. पण तुमचा बापच चोर, असं लेकीले कसं सांगू?"

आतून दीपिका पाण्याचे पेले घेऊन आली. तिनं अब्बांना पाणी दिलं. निशातसमोर पेला धरला, पण तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं नाही. निशातनं माफी मागितली. रस्ताभर शब्द जुळवले होते, त्यातला एकही आठवला नाही. जसं सुचलं तसं ती बोलली. पोचू मान हलवत राहिला. मग तिनं पर्समधून कपाटाची किल्ली काढून त्याच्यापुढं धरली. सोमाजी सरांशी आपण बोलू, उद्यापासून किल्ली पुन्हा तुमच्याचकडं, असं ती म्हणाली.

"नोको," पोचू म्हणाला.

"पोचूभाऊ..."

"मी येतो उद्या. कामावर येतो. पण चावी नोको. आणि दुसऱ्या कोणाले देऊ पण नका. ज्याच्याजवळ चावी, त्याच्यावर आळ. आन् पोरगी पडन तवा चावीवाला कुठी असन, कोणाले मालूम? थे पेटी बाहेर लटकवा. घंटीजवळ. सगळ्याईले दिसन अशी."

निशातचा हात किल्लीसकट तसाच राहिला.

सोमवारी शिक्षणाधिकारी आले तेव्हा पेटी ओसरीत, शाळेच्या घंटेशेजारी, अब्बांनी सकाळी सातला येऊन ठोकलेल्या दोन खिळ्यांवर लटकत होती. चोरी झाली तर, असं साहेबांनी विचारलंच. सोमाजी सर निशातकडं पाहायला लागले आणि निशात खाली. उत्तर रूहीनं दिलं. कपाटात होती तेव्हा दिवा बंद असलेला पाच महिने कुणाला दिसला नाही, असं ती म्हणाली. साहेबांनी ते डायरीत टिपून घेतलं.

किल्ली अजूनही निशातच्या पर्समध्ये आहे. रोज सकाळी प्रार्थनेच्या रांगेतून रूही मान वळवून हिरवा दिवा पाहते. निशात वर्गात जाण्याआधी पाहते. पोचूही घंटेचा टोला द्यायच्या आधी दिव्यापाशी थांबतो, नीट पाहतो, आणि मगच हात उचलतो. निशात तेव्हा दोन पावलांवर उभी असते. तिच्याकडं तो पाहत नाही.